ताटकळ मोजणाऱ्या द्वारकाताई

द्वारका शिंगाडे या बाईंच्या तोंडून मी 'अंदाजे' हा शब्द कधी ऐकला नाही. जेवायला किती वेळ लागेल असं विचारलं तरी त्या म्हणायच्या, "काल बावीस मिनिटं लागली होती." सात वर्षं आमची टेबलं शेजारी होती. वाळूजच्या एका कंपनीत, गाड्यांचे रबरी भाग बनायचे तिथं, त्या सर्व्हर सांभाळायच्या आणि मी नेटवर्क. म्हणजे केबली ओढायच्या आणि त्यावरून येणाऱ्या तक्रारी ऐकायच्या.

त्या माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. ऑफिसात सगळे त्यांना शिंगाडे मॅडम म्हणायचे, मी ताई म्हणायचो. त्यांचं गाव गंगापूर तालुक्यात. घरी मेंढरं. बारावीनंतर औरंगपुऱ्यातल्या एका टायपिंग क्लासात आल्या, तिथंच कॉम्प्युटर शिकल्या, मग कंपनीत डाटा एंट्रीला लागल्या आणि पुस्तकं वाचून, मशीन उघडून, चुका करून सर्व्हर रूमपर्यंत पोचल्या. त्यांचं बोलणं मात्र गावाकडचंच राहिलं. पुण्याच्या हेड ऑफिसचे लोक आले तरी त्या "व्हय" आणि "नाय" असंच बोलायच्या. मी एकदा हळूच सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्यांना कळतंय ना? मग झालं तर."

त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरच्या मदतीनं अनेक वेगवेगळे कॉम्प्युटर उभे करता येतात. आमच्याकडं पाच सर्व्हरांवर मिळून असे सव्वीस होते. हजेरीचा एक, स्टोअरचा एक, खोक्यांवरची लेबलं छापणारा एक. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. प्रत्येक मशीनला वाटतं, इथं आपण एकटेच आहोत. प्रत्यक्षात एका सर्व्हरवरची सगळी मिळून त्याच प्रोसेसरवर आणि त्याच मेमरीवर चालतात. कोणाला किती द्यायचं, कोण किती वापरतंय आणि कोण कोणाच्या आड येतंय, हे द्वारकाताई बघायच्या.

त्यासाठी त्यांच्याकडं लांबट रेघी वह्या होत्या. आकडे स्क्रीनवर दिसायचेच, तरी त्या दिवसातून चार वेळा ते वहीत उतरवायच्या. त्यातल्या एका रकान्याचं नाव होतं 'ताटकळ'. मशीनला काम करायचं आहे, पण प्रोसेसर मोकळा नाही म्हणून ते किती वेळ थांबून राहिलं, तो आकडा. त्याला पुस्तकात 'रेडी' असं इंग्रजी नाव आहे. ताईंना ते पटलं नव्हतं. "तयार हाय म्हणं. तयार कसलं, ताटकळलंय बिचारं," असं म्हणून त्यांनी स्वतःचं नाव ठेवलं आणि वर्षभरात आमच्या खात्यात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षी लेबलांचं प्रकरण झालं. लेबल छापायचं मशीन हळू चालायला लागलं. एका लेबलाला पाऊण मिनिट. बाहेर ट्रक उभे, आत पॅकिंगच्या बाया हात बांधून उभ्या. ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवलं होतं त्यांचा एक इंजिनिअर पुण्याहून आला. त्यानं पाहिलं आणि सांगितलं, मशीनला बारा कोर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे बारा भाग, दिलेत, ते सोळा करा.

आमचे प्लांटचे प्रमुख जाधव साहेब ताईंकडं वळले. "करा मॅडम."

"कमी करते," ताई म्हणाल्या.

"हळू चालतंय आणि तुम्ही कमी करणार?"

"व्हय. सहा करते."

इंजिनिअर हसला. ताईंनी वही उघडून जाधव साहेबांपुढं ठेवली. "साहेब, ह्या सर्व्हरमधी दोन प्रोसेसर हैत. एकेकात आठ कोर, आन प्रत्येकाची मेमरी त्याच्या शेजारी. आपलं मशीन बारा कोरांचं. ते एकात मावत नाय, म्हणून दोन्हीकडं पसरलंय. अर्धा माल पलीकडच्या मेमरीतून आणावा लागतो. आन एवढे कोर बरोबरीनं मोकळे मिळंपर्यंत ते ताटकळत बसतंय. खरं काम बघितलं तर चार कोरांचं हाय. मी सहा देते, एकाच प्रोसेसरात बसवते."

"आणि नाही झालं तर?"

"तर परत बारा करते. जेवणाच्या सुट्टीत करू, कोणाचा खोळंबा नाय."

सुट्टीत त्यांनी मशीन बंद करून सहा कोरांवर सुरू केलं. सुट्टी संपल्यावर पहिलं लेबल नऊ सेकंदांत आलं, दुसरंही नऊच. इंजिनिअरनं घड्याळ लावून पाच लेबलं मोजली आणि मग त्यानं ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून विचारायला सुरुवात केली. तो चार वाजेपर्यंत बसला होता. ताईंनी त्याला सगळं सांगितलं आणि जाताना वहीतल्या दोन पानांची झेरॉक्सही दिली. तो हसला होता हे त्यांच्या लक्षात होतं की नाही, मला माहीत नाही.

त्या चुकल्या तेव्हाचंही सांगतो, कारण माझ्या मते त्या खऱ्या कळल्या त्या दिवशी.

हजेरीच्या मशीनला आठ जीबी मेमरी दिलेली होती. ताईंनी पंधरा दिवस मोजलं. ते कधी तीनच्या वर गेलं नाही. त्यांनी चार ठेवली आणि बाकीची काढून स्टोअरच्या मशीनला दिली. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग महिन्याची पहिली तारीख आली. त्या दिवशी सगळ्यांच्या रजा आणि नव्या पाळ्या एकदम चढवल्या जातात. मशीनची मेमरी संपली, ते मेमरीतला माल डिस्कवर टाकायला लागलं आणि डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी हळू. सकाळी सातच्या पाळीला गेटवरची पंचिंगची यंत्रं अडकली. तीनशे माणसं बाहेर उभी. एप्रिलचं ऊन सातलाही लागतं.

ताई कंपनीच्या बसमधून उतरल्या, गर्दी बघितली आणि सर्व्हर रूमकडं न जाता आधी गेटच्या केबिनमध्ये गेल्या. दोन टेबलं बाहेर काढायला लावली. एकावर स्वतः बसल्या, दुसऱ्यावर मला बसवलं. कागदावर नाव, नंबर आणि वेळ, असं करत पंचवीस मिनिटांत सगळी माणसं आत गेली. मग त्या वर गेल्या आणि मेमरी परत दिली.

दहा वाजता जाधव साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. पंचिंग यंत्रांचा माणूसही आला होता आणि खालमानेनं बसला होता, कारण त्याची यंत्रं आधीही दोनदा बिघडली होती. साहेब त्याच्यावरच सुरू झाले. ताईंनी मध्येच हात वर केला.

"त्याचं काय नाय साहेब. मेमरी मी कमी केली होती. पंधरा दिवस मोजलं, त्यात पहिली तारीख नव्हती. चूक माझी हाय."

साहेब म्हणाले, "लेखी द्या." ताईंनी तिथंच लिहून दिलं. खाली अजून एक ओळ लिहिली, की आज कोणाचाही उशीर धरू नये. साहेबांनी ती मान्य केली. दुपारी ताईंनी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पूर्ण महिना'. त्यानंतर महिनाभर मोजल्याशिवाय त्यांनी कुठल्याच मशीनचं काही काढलं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

मग दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडी तळाला गेली. गावाकडून माणसं शहरात येत होती आणि शहर चहूकडं वाढत होतं. पुंडलिकनगरात ताईंचं घर होतं, त्या गल्लीत दर दोन महिन्यांनी कुणीतरी वर मजला चढवायचं आणि बोअर आणखी खोल जायचे. बजाजनगरातल्या एकेका खोलीत पाच-पाच बाया राहायच्या. त्यांतल्या बऱ्याच आमच्याकडं पॅकिंगला, दुसऱ्या पाळीत, कंत्राटावर. ताई संध्याकाळचा चहा कँटीनमध्ये त्यांच्याबरोबर प्यायच्या. कोणाच्या गावाला टँकर किती दिवसांनी येतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

उद्योगांचं पाणी कापलं गेलं. आमच्या कारखान्यात थंड हवा करणारा मोठा प्लांट होता, तो पाण्यावर चालायचा. सर्व्हर रूमलाही तीच हवा. मार्चमध्ये ठरलं, की तो प्लांट संध्याकाळी पाचला बंद करायचा. म्हणजे पाचला सर्व्हर बंद करावे लागणार. सर्व्हर बंद तर लेबलं बंद, लेबलं नाहीत तर माल बाहेर जाणार नाही. तेव्हा पॅकिंगची दुसरी पाळी पाणी येईपर्यंत बंद ठेवायची, असं जाधव साहेबांनी बैठकीत सांगितलं. त्यांनाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं. कंत्राटावरच्या साठ बायांना घरी बसावं लागणार होतं. घरी म्हणजे जिथून त्या पाणी नाही म्हणून आल्या होत्या तिथं.

ताई म्हणाल्या, "सर्व्हर रूममधी भिंतीवरचे दोन एसी हैत. त्यांना पाणी लागत नाय."

"त्यांच्यावर पाच सर्व्हर थंड राहतील?"

"पाच नाय राहणार. दोन राहतील."

"सव्वीस मशीन दोन सर्व्हरवर चालतील?"

"मोजून सांगते."

तीन आठवड्यांची मुदत मिळाली. मी म्हणालो, "ताई, तुमचा तर पूर्ण महिन्याचा नियम." त्यांनी कपाट उघडलं. आत अकरा वह्या होत्या. दोन वर्षांचे आकडे, सगळ्या पहिल्या तारखा आणि सगळे महिनाअखेर त्यात होते. "महिना कवाच मोजून झालाय," त्या म्हणाल्या.

तीन दिवस त्या वह्या घेऊन बसल्या. निघालं असं, की सव्वीसपैकी एकोणीस मशीन दिलेल्याच्या निम्मंसुद्धा वापरत नव्हती. प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं कधीतरी 'असू द्या जास्त' म्हणून मागून ठेवलेलं. काहींनी तर मेमरी राखून ठेवली होती, म्हणजे आपण वापरली नाही तरी दुसऱ्याला मिळू नये अशी. ताईंनी प्रत्येक मशीनचं एक पान केलं आणि एकेका केबिनमध्ये जाऊन बसायला सुरुवात केली. सोबतीला मी असायचो, पण बोलायचं काम मला नव्हतं.

बहुतेकांनी ऐकलं. अडले ते क्वालिटीचे पाटील साहेब. "माझ्या खात्याचं आहे ते. मी का सोडू?"

"तुमचं काय घेत नाय साहेब. तुम्ही वापरता तेवढं हायच, वर थोडं अजून ठेवलंय."

"उद्या लागलं तर?"

"लागलं तर मला फोन करा, दोन मिनिटांत देते."

पाटील साहेब तिसऱ्या भेटीत हो म्हणाले, पण चेहरा पडलेलाच होता.

त्याच दिवसांत ताईंचे वडील पुंडलिकनगरला राहायला आले. सगळे त्यांना आबा म्हणायचे. जायकवाडीच्या कोरड्या फुगवट्यात ते मेंढरं घेऊन दोन महिने फिरले होते आणि शेवटी कळप विकला होता. मुलाकडं अकरा ठेवली होती, तेवढीच. हे मला ताईंनी टाइप करता करता एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या वाक्यात मेमरीबद्दल विचारलं. मी मेमरीचा आकडा सांगितला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "घरात एकटे बसत नायत ते. सारखे गॅलरीत येऊन खाली बघत्यात."

सुट्टीच्या रविवारी मशीन दोन सर्व्हरवर हलवायची होती. ताई आबांना बरोबर घेऊन आल्या. गेटवर परवानगीचा कागद भरला आणि सर्व्हर रूमच्या दाराशी खुर्ची टाकून दिली. आत गारवा. आबांनी खांद्यावरची घोंगडी अंगाभोवती घेतली आणि दिवे लुकलुकताना बघत बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "कितीक हैत ही?"

"सव्वीस," ताई मागं न बघता म्हणाल्या.

"आन सगळी एकाच टायमाला भुकेजत्यात व्हय?"

"नाय आबा. तेच तर बघितलं दोन वर्षं."

म्हातारा हूं म्हणाला आणि त्याला ते पटल्यासारखं दिसलं.

आम्ही सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत काम केलं. कोणाचा भार सकाळी, कोणाचा दुपारी, कोणाचा महिनाअखेर, असं बघून ताईंनी जोड्या लावल्या होत्या. मोठं मशीन कुठलंही एका प्रोसेसराबाहेर पसरणार नाही याची काळजी घेतली होती. तिसरा सर्व्हर बंद, पण तारा लावून तयार ठेवला. उरलेले दोन पूर्ण बंद. खोलीतला आवाज एकदम कमी झाला. आबा खुर्चीत झोपले होते, ते त्या शांततेनं जागे झाले.

सोमवारी संध्याकाळी पाचला मोठा प्लांट थांबला. भिंतीवरचे दोन एसी चालू. ताई तापमापक हातात धरून उभ्या. चोवीस, पंचवीस, सत्तावीस, आणि तिथं थांबलं. साडेपाचला दुसऱ्या पाळीच्या बाया आत आल्या, हजेरी नीट लागली. लेबलं सुरू झाली. मग पावणेसहाला लेबलं अडायला लागली. वीस सेकंद, मग तीस. जाधव साहेब पॅकिंगमध्येच उभे होते. त्यांचा फोन आला तेव्हा ताईंची नजर स्क्रीनवर होती. ताटकळीचा आकडा चढत होता आणि तो चढवणारं मशीन क्वालिटीचं होतं.

मला वाटलं, त्या तिथूनच ते मशीन बंद करतील. करता आलं असतं. त्या उठल्या आणि पाटील साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग.

पाटील साहेबांनी वर्षभराचा तपासणीचा रिपोर्ट लावला होता. तो ते नेहमी सकाळी काढायचे.

"रिपोर्ट आत्ताच पायजे का साहेब?" ताईंनी विचारलं.

ते सरळ म्हणाले, "नाही. मला बघायचं होतं, टिकतंय का. उद्या माझंच काम अडलं तर मला कोण विचारणार?"

मला राग आला होता. ताई मात्र समोरच्या खुर्चीत बसल्या. "बरं केलंत. संध्याकाळी हा रिपोर्ट कोणी लावंल, हे मी धरलंच नव्हतं. तो थांबवू नका. पाच मिनिटं द्या मला."

त्यांनी परत येऊन प्राधान्याची व्यवस्था बदलली. सकाळी साडेआठ ते दहा क्वालिटीचं मशीन पुढं, संध्याकाळी लेबलांचं पुढं. रिपोर्ट चालूच राहिला, सावकाश. लेबलं बारा सेकंदांवर आली, मग दहावर. ताईंनी फोन उचलला.

"पाटील साहेब, उद्या याच टायमाला परत लावा रिपोर्ट. परवाबी लावा. आठवडाभर लावा."

पाटील साहेबांनी खरंच आठवडाभर लावला. तिसऱ्या दिवसापासून ते रिपोर्ट लावून स्वतःच आमच्या खोलीत यायला लागले, ताईंच्या शेजारी उभं राहून आकडा बघायला. पहिली तारीख आली तेव्हाही ते हजर होते. त्या दिवशी हजेरीच्या मशीनला ताईंनी आदल्या संध्याकाळीच जास्त मेमरी देऊन ठेवली होती. सात वाजता त्या गेटवर उभ्या राहिल्या, शेवटचा माणूस आत जाईपर्यंत.

दुसरी पाळी एकही दिवस बंद पडली नाही. कंपनीचं पाणी पूर्ववत झालं तेव्हाही ताईंनी बंद केलेले सर्व्हर परत सुरू केले नाहीत. वार्षिक कार्यक्रमात त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पॅकिंगच्या बायांनी कँटीनमध्ये वेगळा सत्कार केला. तिथं त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "मला काय बोलायचं नाय. कामावर चला, सुट्टी संपायला चार मिनिटं राहिलीत." तरीही एकीनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावून घेतलंच.

पुढं दोन-तीन वर्षांनी हेड ऑफिसनं सगळे सर्व्हर पुण्याला न्यायचं ठरवलं. ताईंनाही बोलावलं होतं, वरची जागा देऊन. त्या गेल्या नाहीत. आबा तेव्हा आजारी होते आणि पुण्याला यायला तयार नव्हते. ताईंनी एकेक मशीन ठरल्या क्रमानं बंद केलं, पुण्याला पाठवायची यादी केली, राजीनामा दिला आणि वह्या घेऊन गेल्या. मीही वर्षभरात दुसरीकडं लागलो. अधूनमधून फोन व्हायचा. आबा गेल्याचं फोनवरच कळलं. मी म्हणालो, "ताई, येतो भेटायला." त्या म्हणाल्या, "ये सावकाश. आत्ता लई माणसं हैत घरात." माझं जाणं राहून गेलं.

मागच्या उन्हाळ्यात बजाजनगरच्या चौकात मी सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एक रिक्षा उभी राहिली. आत द्वारकाताई. केस बरेच पांढरे झालेले. मांडीवर आडवा एक सर्व्हर, रिक्षाच्या एका बाजूनं बाहेर आलेला, आणि धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर साडीचा पदर दाबून धरलेला. रिक्षावाल्याला त्या सांगत होत्या, "पुढं खड्डा हाय भाऊ, डाव्या अंगानं घ्या."

मी हेल्मेटची काच वर केली. "ताई, हे कुठं?"

त्यांनी लगेच ओळखलं. "संजय, तू व्हय? कॉलेजला चाललेय. पोरींना शिकवते आता. वाळूजला भंगारात दिसला, उचलला. दोन प्रोसेसरचा हाय."

"चालू आहे का?"

"ठाऊक नाय. उघडल्यावर कळंल."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या वाजायला लागल्या. त्यांना हात हलवायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. रिक्षा डाव्या अंगानं खड्डा चुकवून गेली आणि बराच लांबपर्यंत सर्व्हरचं टोक रिक्षाच्या बाहेर दिसत राहिलं.